सत्तरीचं कार्ड, घराचा आधार

आम्ही शेलूहून बोलतोय. आज बचत, हप्ता, बँक यातलं काही बोलणार नाही. आज बोलायचंय ते म्हातारपणी लागणाऱ्या दवाखान्याच्या खर्चाबद्दल आणि त्यासाठी सरकारी आरोग्य योजनेत नाव कसं घालायचं याबद्दल.

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना दवाखान्याचं काय? तर सांगतो. गटाची दशसूत्री आपण बैठकीत मोठ्यानं म्हणतो. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे ही पहिली पाच सूत्रं सगळ्यांना तोंडपाठ असतात. सहावं सूत्र आरोग्याचं आहे, आणि तिथे आवाज जरा बारीक होतो. पण गटाची कर्जवही उघडून बघा. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, भाताच्या बियाण्यासाठी घेतलेली कर्जं असतात, ती फिटतातही, कारण त्यातून पैसा येतो. त्यांच्या अधूनमधून दिसतं, ‘सासूबाईंचं ऑपरेशन’, ‘वडिलांचं आजारपण’. या कर्जातून पैसा येत नाही. महिना दोन टक्क्यांनी चाळीस हजार घेतले तर महिन्याला आठशे रुपये नुसतं व्याज. गटाचं व्याज निदान गटातच राहतं. बाहेरच्या माणसाकडून घेतलं तर दागिना जातो, नाहीतर जमिनीचा तुकडा जातो. म्हणून हा विषय गटाचाच आहे.

आणखी एक कारण आहे. आपलं शेलू बदललंय. वांगणी आणि नेरळच्या मधलं हे छोटं स्टेशन. एका बाजूला जुनी गावं, वाड्या, उल्हास नदीकाठची शेती, वीटभट्ट्या. दुसऱ्या बाजूला नव्या इमारती. मुंबईत, डोंबिवलीत आयुष्यभर नोकरी करून, खोली विकून, इथे स्वस्तात घर घेऊन राहायला आलेली निवृत्त माणसं त्या इमारतींत आहेत. मुलगा सकाळच्या लोकलनं कामाला जातो, रात्री येतो. दिवसभर घरी म्हातारा-म्हातारी दोघंच. वाडीतली आजी आणि बिल्डिंगमधल्या काकू यांचं बाकी काही सारखं नसेल, पण रात्री छातीत दुखायला लागलं तर दोघींची धावपळ सारखीच.

निवृत्तीचं वय नक्की कोणतं?

नोकरदार माणूस अठ्ठावन्न किंवा साठ वर्षांचा झाला की निवृत्त होतो. लावणीला जाणाऱ्या, भट्टीवर विटा उचलणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला निवृत्ती कुठून? हातपाय चालतात तोवर काम. पण सरकारच्या कागदावर आपलंही म्हातारपण सुरू होतं, आणि त्याचं एक वय नाही. इथेच गोंधळ होतो.

ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा २००७ चा जो कायदा आहे, त्यात साठ वर्षं पूर्ण झाली की ज्येष्ठ नागरिक. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनला पासष्ट लागतात. एसटीचं ज्येष्ठांचं अर्धं तिकीट पासष्टला, आणि पंचाहत्तर झाली की एसटी पूर्ण मोफत. आता आरोग्याचं जे नवं कार्ड आलंय, त्याला सत्तर वर्षं पूर्ण हवीत. त्यामुळे काय होतं, की एखादी मावशी पासष्टला चौकशी करते, ‘अजून वय नाही’ असं ऐकून परत जाते आणि पुन्हा कधी येतच नाही. किंवा तिला वाटतं की सत्तर होईपर्यंत आपल्याला काहीच नाही. हे दोन्ही समज काढून टाकायचेत.

दोन योजना, दोन पिशव्या

आपल्या उपयोगाच्या दोन योजना आहेत. एक राज्याची, एक केंद्राची. दोन्ही आता एकत्र चालतात म्हणून नावांची सरमिसळ होते.

राज्याची योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही आपल्या जिल्ह्याला नवी नाही. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यात राज्यातले फक्त आठ जिल्हे होते आणि त्यात आपला रायगड होता. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, ती सगळ्या महाराष्ट्रात गेली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. तेव्हा पिवळं आणि केशरी रेशनकार्ड असलेल्या घरांना वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे. पांढरं कार्ड असेल तर, काही दुष्काळी जिल्ह्यांतले शेतकरी सोडले, बाकीच्यांना नाही म्हणून सांगत. हा नियम बदललाय. २८ जुलै २०२३ ला शासन निर्णय निघाला आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. यात वयाची अट नाही. म्हणजे साठ ते सत्तरमधल्या मावशींनो, तुम्ही आजही योजनेत आहात. फक्त हे पाच लाख सगळ्या घराचे मिळून. नातवाचं ऑपरेशन झालं आणि त्यात दोन लाख गेले, तर त्या वर्षी बाकीच्यांना तीन उरतात.

केंद्राची योजना म्हणजे आयुष्मान भारत, प्रधानमंत्री जन आरोग्य योजना. ती २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. आधी ती ठरावीक यादीतल्या कुटुंबांपुरती होती. मग २९ ऑक्टोबर २०२४ ला, त्या दिवशी धनत्रयोदशी होती, सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना ती खुली झाली. गरीब-श्रीमंत नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, यादीत नाव शोधणं नाही. या कार्डाचं नाव आयुष्मान वय वंदना कार्ड.

आता पिशव्यांचा हिशोब नीट ऐका. ज्या कुटुंबाला आयुष्मानचं संरक्षण आधीपासून आहे, त्या घरातल्या सत्तरीच्या पुढच्यांना स्वतःसाठी वेगळे पाच लाख मिळतात. त्यात सुनेचा, नातवाचा वाटा नाही. ज्या घरात ते नव्हतं, तिथेही सत्तरीच्या पुढच्यांना वर्षाला पाच लाख. एकाच घरात आजी आणि आजोबा दोघंही सत्तर पार असतील, तर हे पाच लाख दोघांत मिळून असतात, प्रत्येकी नाही. असं समजा, घराची एक पिशवी आहे आणि म्हाताऱ्यांची दुसरी. म्हाताऱ्यांच्या पिशवीत दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही.

आम्हाला या कार्डातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती वाटते, तर बाईचं नाव तिच्या स्वतःच्या आधारवर लागतं. रेशनकार्डात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. भाऊभाऊ वेगळे झाले, कार्डं विभक्त झाली, आणि आई कुणाच्याच कार्डात राहिली नाही. एकाला वाटतं दुसऱ्याकडे आहे, दुसऱ्याला वाटतं पहिल्याकडे आहे. विधवा आजी लेकीकडे राहते, लेकीच्या कार्डात तिचं नाव नाही. नवऱ्यानं टाकलेली बाई माहेरी म्हातारी झाली, तिचं नाव सासरच्या जुन्या कार्डात अडकलेलं. अशा बायकांना योजना असूनही नसल्यासारखी होती. वय वंदना कार्डाला फक्त आधार कार्ड लागतं. कुणाच्या घरात राहता, कुणाच्या कार्डात आहात, हे विचारत नाहीत.

आणखी एक चांगली गोष्ट. बाजारातला मेडिक्लेम साठीनंतर घ्यायला जा. आधी तपासण्या, मग भलामोठा हप्ता, आणि आधीपासून असलेल्या आजाराला काही वर्षं थांबा. इथे हप्ता नाही आणि थांबणं नाही. साखर आहे, बीपी आहे, आधी हृदयाचा झटका येऊन गेलाय, तरी कार्ड निघाल्याच्या पहिल्या दिवसापासून सगळं धरलं जातं.

नोकरीतून निवृत्त झालेल्यांसाठी

खोपोली, खालापूरकडच्या कारखान्यांत किंवा तिकडे अंबरनाथ-बदलापूरला काम केलेल्या बऱ्याच जणांच्या पगारातून ईएसआयसी कापलं जायचं. निवृत्त झालं की ते कार्ड कपाटात जातं. पण ज्यानं विमा असलेल्या नोकरीत किमान पाच वर्षं काढलीत आणि वयोमानानुसार निवृत्त झालाय, त्याला वर्षाला एकशेवीस रुपये भरून स्वतःसाठी आणि बायकोसाठी ईएसआयसीचे उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये पडले. निवृत्तीचे कागद घेऊन ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जायचं. मैत्रिणींनो, नवरा निवृत्त होत असेल तर त्याला हे आठवणीनं करायला लावा, कारण त्यात तुमचंही नाव आहे. महात्मा फुले किंवा आयुष्मान ही योजना घरी दिवस काढायच्या गोळ्या देत नाही. ईएसआयसीच्या दवाखान्यात त्या मिळतात.

ईएसआयसी असलं किंवा खासगी मेडिक्लेम असला, तरी सत्तरीनंतर वय वंदना कार्ड काढता येतं. पण केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस अशी योजना ज्यांना आहे, त्यांना दोन्हीतलं एकच निवडावं लागतं. ही निवड एकदाच करायची असते. त्यामुळे फॉर्ममध्ये घाईनं टिक करू नका. घरात फौजी किंवा केंद्राचा पेन्शनर असेल तर आधी बसून विचार करा, कोणत्या योजनेत आपल्याला जास्त मिळतंय. त्यांच्या जुन्या योजनेत रोजची औषधंही असतात.

कार्ड कसं काढायचं

लागतं काय? आधार कार्ड आणि जमल्यास आधारला जोडलेला मोबाईल. बस. आणि आजी स्वतः हजर हवी.

कुठे काढायचं? गावातल्या आशाताईला विचारा. आपले सरकार सेवा केंद्रात, सीएससी केंद्रात निघतं. अंगीकृत रुग्णालयात, म्हणजे योजनेत असलेल्या रुग्णालयात, आरोग्यमित्र बसतो, तिथेही निघतं. आणि घरी स्मार्टफोन असेल तर आयुष्मान ॲपवर आपल्यालाच काढता येतं. आमच्या गटांतल्या तरुण सुनांनी हे शिकून घेतलंय. आधी मोबाईल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी टाकायचा. सत्तर वर्षांवरच्या नोंदणीचा वेगळा पर्याय दिसतो, तो निवडायचा. राज्य, जिल्हा भरायचा, आधार क्रमांक टाकायचा. मग ई-केवायसी, म्हणजे ही तीच बाई आहे याची खात्री. ती ओटीपीनं होते, बोटाच्या ठशानं होते, डोळ्याच्या बुबुळानं होते किंवा मोबाईलसमोर चेहरा धरून होते. मग फोटो काढायचा, घरच्यांची माहिती भरायची, सबमिट करायचं. मंजूर झालं की कार्ड उतरवून घेता येतं.

हे सगळं मोफत आहे. कुणी ‘कार्ड मंजूर करून देतो, पाचशे द्या’ म्हणाला तर देऊ नका. फोनवर कुणी आयुष्मानचं नाव सांगून ओटीपी मागितला तर सांगू नका. व्हॉट्सॲपवर आलेली कुठलीही फाईल किंवा लिंक दाबून ॲप घेऊ नका. कार्ड काढायच्या नावाखाली म्हाताऱ्यांचं बँक खातं रिकामं करणारे फिरतायत.

अडचणी कुठे येतात

सांगताना सोपं वाटतं, पण वाडीवर बसून कार्डं काढताना तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिली अडचण बोटांची. ज्या बायकांनी जन्मभर भात लावला, कापला, विटा थापल्या, भांडी घासली, त्यांच्या बोटांच्या रेषाच झिजून गेल्यात. मशीन ठसा घेतच नाही. आजी शरमते, ‘माझ्याच हाताला काय झालंय’ म्हणते. तिला सांगा, तुझ्या हातात खोट नाही, दुसरा रस्ता आहे. चेहऱ्यानं करा, डोळ्यानं करा किंवा ओटीपी घ्या. केंद्रवाला फक्त बोटच हवं म्हणून परत पाठवत असेल तर चेहऱ्याचा पर्याय वापरायला सांगा.

दुसरी अडचण मोबाईलची. आधारला जोडलेला नंबर पाच वर्षांपूर्वीचा, तो बंद पडलेला. नाहीतर पुण्याला गेलेल्या नातवाचा. ओटीपी तिकडे जातो आणि आजी इकडे बसते. आधारमधला मोबाईल नंबर बदलायला आधार केंद्रात जाता येतं, किंवा पोस्टमनला विचारा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन नंबर जोडून देतो. नंबर घरातल्याच, जवळ राहणाऱ्या माणसाचा द्या. आजीच्या नावाचं साधं बटणाचं फोन असला तरी चालतो, ओटीपी त्यावरही येतो.

तिसरी अडचण सगळ्यात अवघड, वयाची. वय आधारवर लिहिलंय तेच धरतात. आपल्या ठाकूर, कातकरी वाड्यांवरच्या आणि जुन्या गावातल्या बायकांची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली होती? आधार काढायला आलेल्या पोरानं अंदाजानं साल टाकलं, तारीख १ जानेवारी. म्हणून गावातल्या निम्म्या आज्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो! काहींचं वय खरं त्याहून आठ-दहा वर्षांनी कमी लागलंय. नातू चाळिशीला आला आणि आजी कागदावर एकसष्टची. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि त्याला मान्य असलेला पुरावा लागतो. पुरावा असेल, शाळेत नाव होतं, जन्माची नोंद कुठे सापडते, तर जरूर करा. पण पुरावा नसताना कुणा दलालाच्या नादी लागून खोटा दाखला जोडू नका. त्यात आधारच अडचणीत आलं तर रेशन, पेन्शन, बँक, सगळंच थांबतं. आणि वय कमी लागलं म्हणून आजी उघड्यावर पडत नाही. तिचं नाव घरच्या रेशनकार्डात असेल तर महात्मा फुले योजनेत ती आहेच. फक्त वेगळ्या पिशवीऐवजी घराच्या पिशवीतून खर्च होतो.

म्हणून सत्तरच्या आतल्या बायकांसाठी आजचं काम हे, की रेशनकार्ड काढून बघा. त्यात तुमचं नाव आहे का? आधारवर आहे तसंच आहे का? एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं, असं आहे का? नाव नसेल तर कर्जतला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करा. मुंबईहून इथे राहायला आलेल्यांचं रेशनकार्ड तिकडच्या पत्त्याचं असेल तरी घाबरू नका, योजना सगळ्या राज्याची आहे. हे काम आजारी पडायच्या आधीचं आहे. तहान लागल्यावर विहीर खणायला गेलो तर पाणी कधी लागणार?

रुग्णालयात गेल्यावर

कार्ड घरात ठेवून नुसतं होत नाही. ते कुठे चालतं हे माहीत हवं. ते फक्त अंगीकृत रुग्णालयात चालतं, मग ते सरकारी असो की खासगी. कार्ड जिल्ह्याला बांधलेलं नाही. आपण रायगडात राहतो पण पुष्कळ जण लोकलनं बदलापूर, उल्हासनगर, कल्याण म्हणजे ठाणे जिल्ह्यात जातात, नाहीतर पनवेल, मुंबई गाठतात. कुठेही जा, एकच विचारा, ‘हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि या आजारासाठी आहे का?’ दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. एखादं रुग्णालय हाडांसाठी योजनेत असतं पण हृदयासाठी नसतं. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत.

हे घरबसल्या विचारता येतं. महात्मा फुले योजनेचा नंबर १५५३८८, एक पाच पाच तीन आठ आठ. दुसरा, १८०० २३३ २२००. आयुष्मानचा नंबर १४५५५, एक चार पाच पाच पाच. कागदावर लिहून देवघराजवळ, दिव्याच्या बटणाजवळ चिकटवा. गाडी हवी तर १०८, ती मोफत आहे.

आमच्या एका सदस्याच्या सासूबाई मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रात्रीची वेळ. रिक्षावाल्यानं जवळचं म्हणून एका खासगी रुग्णालयात नेलं. तिथे आधी अनामत भरा म्हणाले. घरच्यांनी उसनेपासने करून भरली. सकाळी कुणीतरी कार्डाची आठवण काढली, तेव्हा कळलं की ते रुग्णालय योजनेत नाही. मग १५५३८८ ला फोन केला, कोणतं रुग्णालय हाडांसाठी आहे ते विचारलं आणि आजींना तिथे हलवलं. ऑपरेशन तिथे योजनेतून झालं, त्याचा पैसा लागला नाही. पण पहिल्या रात्रीचे भरलेले पैसे गेले ते गेलेच. ही योजना रोखीची नाही. आपण बाहेर पैसे भरायचे आणि नंतर बिलं दाखवून परत घ्यायचे, असं यात होत नाही. म्हणून कुठे जायचं ते आधीच ठरवून ठेवा. हृदयासाठी एक, हाडांसाठी एक, नाव लिहून ठेवा. छातीत दुखतंय, श्वास लागलाय, अशा वेळी मात्र शोधत बसू नका, जवळ असेल तिथे जीव वाचवा आणि सोबतच फोन लावा.

योजनेच्या रुग्णालयात पोहोचलात की आधी आरोग्यमित्र शोधा. त्याचा कक्ष दाराजवळच असतो. आधार, रेशनकार्ड, वय वंदना कार्ड असेल तर ते, आणि डॉक्टरांचे जुने कागद त्याला दाखवा. तो नोंदणी करतो, मग रुग्णालय उपचाराची मंजुरी मागवतं. तातडीचं असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. खाट, डॉक्टर, ऑपरेशन, तपासण्या, औषधं, रुग्णाचं जेवण हे सगळं त्यात येतं. घरी सोडल्यावर पुढचे काही दिवसांची औषधंही मिळतात, ती मागून घ्या. तुमच्या हातात चिठ्ठी देऊन ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा’ म्हणाले, किंवा वेगळे पैसे मागितले, तर आरोग्यमित्राला सांगा. त्यानं ऐकलं नाही तर त्याच नंबरवर तक्रार करा. भांडायची गरज नाही, शांतपणे म्हणायचं, ‘पावती द्या आणि कशाचे ते लिहून द्या.’ पावती मागितली की पुष्कळदा मागणीच थांबते.

काय मिळत नाही

हेही स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर लोक आमच्यावर चिडतात. ही दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची योजना आहे. अँजिओप्लास्टी, बायपास, कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो, डायलिसिस, मोडलेली हाडं, मेंदूचे, किडनीचे मोठे आजार हे त्यात आहेत. २०२४ मध्ये महात्मा फुले योजनेत १,३५६ उपचार धरले होते. पण ताप, खोकला, नुसतं दाखवून औषध घेणं, रोजच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, हे त्यात नाही. बीपी-साखरेच्या गोळ्या नेरळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात मागा. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोफत होतं, त्याची चौकशीही तिथेच करा.

आणि ही रोजची गोळी बुडवू नका. पाच लाखांचं कार्ड आहे म्हणून बीपीची गोळी सोडली, तर कार्ड लवकर वापरायची वेळ येईल, एवढंच.

एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम. म्हातारीचं दुखणं घरात शेवटी मोजलं जातं. अंग बाहेर येतंय, छातीत गाठ लागतेय, लघवी थांबत नाही, हे ती वर्षानुवर्षं लपवते. कारण विचारलं तर म्हणते, ‘आता माझ्यावर कशाला खर्च करता?’ हे वाक्य आम्ही घराघरांत ऐकलंय. तिला खर्चाची भीती असते आणि मुलावर ओझं व्हायची भीती त्याहून जास्त. तिच्या हातात तिच्या नावाचं, तिच्या फोटोचं कार्ड दिलं की ती निदान दुखणं बोलून दाखवते. आम्ही हे पाहिलंय. म्हणून कार्ड काढल्यावर ते सुनेच्या कपाटात ठेवू नका. छापून तिच्या पिशवीत द्या आणि एक फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

गटानं काय करायचं

आता काम वाटून घेऊया. पुढच्या बैठकीत प्रत्येक सदस्यानं घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांची नावं सांगायची. वहीत चार रकाने आखा. नाव, आधारवरचं वय, रेशनकार्डात नाव आहे की नाही, वय वंदना कार्ड आहे की नाही. एका बैठकीत हे होतं. मग सत्तर पूर्ण झालेल्यांचा एक दिवस ठरवून, आशाताईंना बोलावून, वाडीतच कार्डं काढा. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या घरी मोबाईल घेऊन जा, चेहऱ्यानं होतं. रेशनकार्डाचे अर्ज एकत्र करून ग्रामसंघातर्फे कर्जतला न्या, म्हणजे प्रत्येकीची मजुरी बुडणार नाही. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं पावसाळ्यातच उरका, दिवाळीनंतर ती गावात सापडत नाहीत.

आणि ज्या आजीला कुणीच नाही, जी कुठल्याच गटात नाही, तिचं नाव पहिल्या ओळीत लिहा.

शेवटी थोडक्यात पुन्हा सांगतो, कागद-पेन घ्या. सत्तरच्या आत असाल तर रेशनकार्डात नाव बघा, महात्मा फुले योजना तुम्हाला आजही आहे. सत्तर पूर्ण असतील तर फक्त आधारवर वय वंदना कार्ड काढा, मोफत. नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांनी ईएसआयसीचे एकशेवीस रुपये विसरू नका. रुग्णालय योजनेत आहे का ते आधी विचारा. नंबर १५५३८८ आणि १४५५५.

तुमच्या वाडीत काही अडलं तर ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा, आम्ही येऊ. सगळ्या आजींना दीर्घायुष्य लाभो.